घाटावरच्या नावेचा सवाल

अदालतीतले खटले निकाली निघतात, अशील आपापल्या गावी जातात, मुन्सिफ बदलून जातात. किस्से मात्र पेशीवर पेशी, तारखेवर तारीख घेत वकिलांच्या खोलीतच पडून राहतात! मी बीडला वकिली सुरू केली तेव्हा आमच्या त्या खोलीत एक सतरंजी होती, मोडक्या पायाच्या खुर्च्या होत्या आणि किस्से इतके होते की नव्या माणसाला बसायला जागा नव्हती.

आता त्या मंडळींपैकी कोणी राहिलं नाही. मी उरलोय आणि किस्से उरलेत. चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "आबासाहेबांचं सांग की!" मी सांगतो, लोक पोट धरून हसतात, मीही हसतो. पण खरं सांगू का? ज्या माणसाची ही थट्टा चालते त्याचे माझ्या घरावर उपकार आहेत. ते विसरून मला यातलं एकही वाक्य सांगता येत नाही.

आबासाहेब मूळचे चकलांब्याचे, शेतकऱ्याच्या घरातले. उंच, सावळे, आणि आवाज असा की ते मुन्सिफासमोर बोलायला लागले की बाहेर झाडाखाली बांधलेले अशिलांचे बैल कान टवकारायचे. मी त्यांच्या हाताखालचा वकील. निजाम सरकारच्या हैदराबादच्या कौन्सिलात वकिलांतर्फे माणूस पाठवायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी आबासाहेबांना पुढं केलं. कौन्सिल म्हणजे काय, हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं.

आबासाहेबांनी एका वाक्यात समजावलं, "वजिराला समोर बसवून 'का?' म्हणून विचारायची सोय!"

*

सोय होती, पण अटीही होत्या. सवाल आधी उर्दूत लिहून पाठवायचा. वजीर उत्तर देईल ते ऐकून उभ्याउभ्या पुरवणी सवाल करायचा. तो फसला की पुढच्या इजलासापर्यंत, म्हणजे कौन्सिल परत भरेपर्यंत, गप्प बसायचं. आबासाहेबांचं उर्दू अदालतीपुरतं पक्कं होतं, पण मोठ्या लोकांचं साखरेत घोळलेलं उर्दू ऐकलं की त्यांना पुढचा सवाल सुचत नसे. म्हणून त्यांनी तालीम सुरू केली. अदालत सुटली की आमच्या खोलीत हैदराबाद भरायचं!

वजीर व्हायचे मीरसाहेब. आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ वकील. पांढरी दाढी, काळी शेरवानी आणि मांडीवर कायम पानाचा डबा. अदालतीत आबासाहेबांचे कट्टर वैरी आणि अदालत सुटल्यावर जिवलग. त्यांचे वडील हैदराबादच्या कुठल्याशा दप्तरात होते, त्यामुळे 'नाही' हा शब्द न उच्चारता सरकार नाही कसं म्हणतं, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं. किसनराव वकील अध्यक्ष व्हायचे. ते खुर्चीत बसल्या बसल्या झोपी जायचे, आणि मीरसाहेबांच्या मते कौन्सिलाचं वातावरण त्यामुळेच हुबेहूब जमायचं.

पहिला सवाल माझ्याच गावचा निघाला. गेवराईच्या वरच्या अंगाला, गोदेकाठी आमचं गाव. पल्याड सावरखेड. माझी धाकटी बहीण यमू तिथं दिलेली. घाटावर नाव नव्हती. उन्हाळ्यात नदी पायी ओलांडायची आणि पाणी आलं की धोंडीबा भोयाच्या काहिलीत बसून. काहील म्हणजे तीच, गूळ करायची लोखंडी काहील! पुराच्या पाण्यात ती कधी उलटेल याचा नेम नसे. लेकुरवाळीला तिच्यात बसवायला सासरचे तयार नसत आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

त्यामुळे लग्न झाल्यापासून यमू नागपंचमीला माहेरी आली नव्हती. पंचमीच्या दिवशी आई अल्याडच्या काठावर जाऊन उभी राहायची, यमू पल्याडच्या. पाण्याच्या आवाजात हाक पोचायची नाही. दोघी पदर हलवायच्या आणि आपापल्या घरी जायच्या. गोदेच्या दोन्ही काठांना अशा किती लेकी होत्या, त्याला गणती नव्हती.

हे मी आबासाहेबांना चालता चालता कधीतरी सांगितलं होतं.  दुसऱ्या दिवशी सवाल लिहून तयार!

संध्याकाळी तालमीत आबासाहेब उभे राहिले. घसा साफ करून त्यांनी विचारलं, "उस घाट पर रयत के लिए सरकारी कश्ती क्यों नहीं है?"

मीरसाहेबांनी आधी पान लावलं. मग ते तोंडात सारलं. मग छताकडं बघत म्हणाले, "मामला जेरे-गौर है." म्हणजे, विचार चालू आहे!

"कब से?"

"जब से दरिया है!"

आम्ही इतक्या जोरात हसलो की अध्यक्ष जागे झाले.

पुढं आबासाहेब हैदराबादला गेले. भर कौन्सिलात सवाल पुकारला गेला. खरे वजीर सावकाश उठले, क्षणभर छताकडं बघितलं आणि म्हणाले, "मामला जेरे-गौर है." आबासाहेबांना हसूच आवरेना! अध्यक्षांनी कपाळाला आठ्या घालून कारण विचारलं. आबासाहेब म्हणाले, "माफी हुजूर. हे उत्तर मी बीडला ऐकून आलोय."

*

त्या हसण्याचा एक फायदा झाला. वजीरसाहेबांना तो घाट लक्षात राहिला आणि त्यांनी चौकशीचा हुकूम काढला. हुकूम हैदराबादहून औरंगाबादला आला, तिथून बीडला, बीडहून गेवराईला. मधे प्रत्येकानं त्यावर आपली सही केली, शिक्का मारला, पुढं ढकलला. शेवटी महसूल खात्याचे गिरदावरसाहेब घोड्यावर बसून घाट तपासायला आले तेव्हा वैशाख तापला होता.

वैशाखातली गोदावरी म्हणजे नुसती वाळू आणि मधून एक ओघळ. गिरदावरांनी पायजमा वर खोचला आणि नदी ओलांडली. पल्याडच्या वाळूत टरबुजाच्या वाड्या होत्या, तिथं त्यांनी सावलीत बसून टरबूज खाल्लं. परत आले. अहवाल लिहिला, "पाणी गुडघ्यास लागते. नावेची जरुरी दिसत नाही."

अहवालाची बातमी बीडला आली तेव्हा आबासाहेबांनी खोलीतल्या सतरंजीवर येरझारा घालायला सुरुवात केली. "अरे, वैशाखात नदी बघतात का? वैशाखात माझी म्हातारी शेळीसुद्धा गोदावरी ओलांडते!"

मीरसाहेब शांतपणे सुपारी कातरत होते. म्हणाले, "आबा, गलती तुम्हारी है. गोदावरी को समन्स भेजा था? नहीं भेजा. फिर वो पेशी पे हाजिर कैसे रहेगी?"

आबासाहेब थबकले. मग हसले. मग कागद ओढून त्यांनी पुढच्या इजलासाचा सवाल तिथंच लिहिला. मराठीत सांगायचं तर तो असा होता: "नदीची चौकशी यापुढे नदी हजर असताना व्हावी, अशी सरकारची मर्जी आहे काय?"

*

तो इजलास भरायचा होता ऐन श्रावणात. हैदराबादची आगगाडी धरायची जालन्याला, आणि बीडहून जालन्याला जायचं तर गोदावरी आडवी! मी आबासाहेबांना आमच्या घाटापर्यंत पोचवायला गेलो होतो. बघतो तर नदी दोन्ही काठ गिळून बसलेली. धोंडीबा भोई काहील पालथी घालून तिच्यावर बसला होता.

"चला धोंडीबा, काढा काहील," आबासाहेब म्हणाले.

"आज न्हाई जमत, वकीलसाब."

"अरे, कौन्सिलात सवाल आहे माझा!"

"आसंल. पर पान्याला कुटं म्हाईत हाय त्ये!"

पाणी उतरेपर्यंत आबासाहेब आमच्याच घरी राहिले. आई त्यांना ताटात वाढायची आणि दर घासाला विचारायची, "तुमाला नदी आडली तर कौन्सिल थांबतंय व्हय वो?" 

पूर थोडा ओसरला तसं धोंडीबानं त्यांना काहिलीत बसवलं. आबासाहेबांनी बसल्या बसल्या तोंड उघडलं, "धोंडीबा, मला सांग, गेल्या साली..."

"वकीलसाब, हितं बोलायचं न्हाई," धोंडीबा म्हणाला. "तोंड हाललं की हात हालतो, हात हालला की काहील हालती!"

अल्याडपासून पल्याडपर्यंत आबासाहेब मांडीवर हात ठेवून गप्प बसले. पुढं ते म्हणायचे की बीड जिल्ह्यात मला गप्प बसवणारा माणूस एकच निघाला, आणि त्याला मुन्सिफ करायला पाहिजे होतं.

हैदराबादला पोचले तर कळलं की त्यांचा सवाल आदल्याच दिवशी पुकारला गेला, आणि विचारणारा गैरहजर म्हणून रद्द झाला. आबासाहेब तडक अध्यक्षांकडं गेले.

"हुजूर, मी हजर राहू शकलो नाही, कारण नदीला पूर होता आणि घाटावर नाव नव्हती."

"ठीक आहे. पण तुमचा सवाल होता कशाबद्दल?"

"घाटावर नाव नाही, त्याबद्दलच!"

अध्यक्षांनी चष्मा काढून बाजूला ठेवला म्हणे. कायदा तो कायदा, सवाल काही परत पुकारला गेला नाही. पण वजीरसाहेब तिथंच उभे होते. त्यांनी तोंडी हुकूम दिला की पुढची चौकशी पावसाळ्यात करा. त्या अनोळखी माणसाचेही मी मनातल्या मनात कितीदा आभार मानले असतील!

*

आबासाहेबांनी कौन्सिलात फक्त नावच मागितली असं कुणी समजू नका. राज्यभरच्या प्रश्नांवर ते उठायचे. वेठीवर बोलायचे, मराठी मुलांच्या शाळांवर बोलायचे. पण चकलांब्याची माणसं अजून सांगतात ती खाटेची गोष्ट.

त्या काळी अंमलदार दौऱ्यावर आला की गावातल्या खाटा वेठीनं गोळा व्हायच्या. साहेबाला, साहेबाच्या कारकुनाला, शिपायाला, सगळ्यांना खाट पाहिजे. दौरा हालेपर्यंत गाव जमिनीवर. म्हातारी माणसं, बाळंतिणी, कुणाला माफी नाही. परत मिळायची ती खाट आपलीच असेल याचीही खात्री नाही!

आबासाहेबांनी कौन्सिलात विचारलं, "दौऱ्यावरचा एक अंमलदार एका वेळी किती खाटांवर झोपतो?"

सभागृहात हशा पिकला. वजीर म्हणाले, "एकीवर."

"मग बाकीच्या खाटांवर सरकारचं कोणतं कामकाज चालतं?"

खालपर्यंत परिपत्रक गेलं की अंमलदारांनी आपली खाट आपण न्यावी. पुढच्या दौऱ्याला तहसीलदार चकलांब्याला आले ते बैलगाडीत खाट घालून. ती पडू नये म्हणून दोन शिपाई दोन्ही बाजूंनी धरून चालत होते. वेशीपासून चावडीपर्यंत सगळं गाव बघायला लोटलं. "आली रे आली, खाट आली!" एकीनं तर गाडी समोरून जाताना हातसुद्धा जोडले!

काही दिवसांनी चकलांब्याची एक म्हातारी बाजाराला आली ती आमच्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. काम काही नव्हतं. आबासाहेबांना म्हणाली, "औंदा दौऱ्यात म्या माज्याच खाटंवर निजले, बाळा. लई बरं वाटलं." एवढं बोलून निघून गेली. आबासाहेब त्या दिवशी दुपारच्या पेशीत एक शब्द धड बोलू शकले नाहीत आणि खटला मीरसाहेबांनी जिंकला.

*

आता मीरसाहेबांचा किस्सा.

तालमी चालूच होत्या. मी सुट्टीला गावी गेलो की आई विचारायची, "नावंचं काय झालं रं?" आणि मी आपला सवयीनं सांगायचो, "काल परत मीरसाहेबांनी नामंजूर केली." आमच्या खोलीत असंच बोलायची पद्धत होती. मीरसाहेब वजिराच्या खुर्चीत बसतात ते तालमीपुरतं, हे आईला वेगळं सांगायला पाहिजे हे माझ्या डोक्यातच आलं नाही!

पौषात सगळी वकील मंडळी आमच्या शेतात हुरड्याला आली. आगटीभोवती बसली. आई गरम हुरडा चोळून सगळ्यांच्या पुढं ठेवत होती. मी नावं सांगत होतो. "हे आबासाहेब. हे किसनराव. आणि हे मीरसाहेब."

आईचा हात थांबला. "ह्येच का त्ये मीरसाब?"

"जी, अम्मा," मीरसाहेब अदबीनं म्हणाले.

"कावून नामंजूर करतावो आमची नाव? काय वाकडं केलं आमी तुमचं?"

मी मधे पडायला गेलो तर मीरसाहेबांनी हात वर करून मला थांबवलं. त्यांना वाटलं, चेष्टा पुढं न्यावी. चेहरा गंभीर करून म्हणाले, "अम्मा, सरकार गौर कर रही है."

"किती गौर करताल? तुमची लेक नदीपल्याड आसती आन् पंचमीला नुसता तिचा पदर दिसला आसता, मंग काय केलं आसतं तुमी? सांगा की!"

मीरसाहेबांच्या हातातला हुरडा हातातच राहिला. त्यांना दोन लेकी होत्या, दोघी अंबाजोगाईकडं दिलेल्या.  आपण वजीर नाही, हे त्यांनी आईला सांगितलं नाही. कुणालाच सांगू दिलं नाही. आईनंही एवढं बोलून झाल्यावर हुरड्याबरोबरची चटणी सगळ्यांत जास्त त्यांनाच वाढली.

बीडला परतल्यावर पहिलीच तालीम. आबासाहेब उभे राहिले, सवाल केला. मीरसाहेबांनी पान लावलं नाही, छताकडं बघितलं नाही. म्हणाले, "मंजूर."

"काय?"

"कश्ती मंजूर है. दे दो इन लोगों को."

आबासाहेब असे भडकले की काय सांगू! "मीरसाहेब, ही चेष्टा नाही! तिकडं कुणी मंजूर म्हणणार नाही. तुम्ही असं विरघळायला लागलात तर माझी तयारी कशी व्हायची? या खोलीत यापुढं मंजूर हा शब्द उच्चारायचा नाही!"

झालं. ठराव पास. त्या दिवसापासून आमच्या खोलीत मीरसाहेबांनी तऱ्हेतऱ्हेनं नकार दिले. अहवाल आला नाही, अहवाल आला पण वाचला नाही, वाचला पण पटला नाही. प्रत्येक नकाराला आबासाहेबांचा पुरवणी सवाल तयार झाला. पण मला माहीत आहे, प्रत्येक नकार देताना मीरसाहेब माझ्याकडं बघायचं टाळायचे.

*

पुढच्या श्रावणात हुकमाप्रमाणं तेच गिरदावरसाहेब परत घाटावर आले. या वेळी गोदावरी हजर होती! धोंडीबानं त्यांना काहिलीत बसवून पल्याड नेलं. मधे भोवऱ्याशी काहील एकदा गरकन फिरली तेव्हा साहेबांनी डोळे मिटून जे काही म्हटलं ते धोंडीबानं कधी कुणाला सांगितलं नाही. ते सावरखेडला उतरले आणि मागोमाग पाणी चढलं. गिरदावर पल्याडच अडकले. आमच्या यमूच्याच घरी जेवत होते. रोज सकाळी काठावर जाऊन पाणी बघायचे आणि परत यायचे.

नदी जरा उतरल्यावर त्यांनी एका पोहणाऱ्याच्या पागोट्यात बांधून अहवाल पाठवला. लांबलचक भाषा नाही, कलमं नाहीत.

"नाव तातडीने पाहिजे. मी सध्या पल्याड आहे."

*

चैत्रात इजलास भरला. आबासाहेब मला म्हणाले, "तुझ्या घाटाचा सवाल आहे, तू चल." मी आयुष्यात पहिल्यांदा हैदराबाद बघत होतो, पण चारमिनारकडं माझं लक्षच नव्हतं. मागच्या बाकावर जाऊन बसलो. या खेपेला नाही झालं तर आणखी एक पंचमी जाणार होती, आणि आईचं वय काही थांबलं नव्हतं.

सवाल पुकारला गेला. आबासाहेबांनी तो वाचला आणि ते खाली बसलेच नाहीत. पुरवणी सवालांचा कागद हातात, नजर कागदावर. नकार कुठल्या वाटेनं येतोय तेवढंच बघायचं होतं.

वजीरसाहेब उठले. "यह सवाल सुनते सुनते मुझे अब ख्वाब में भी वही घाट दिखाई देता है. मंजूर. कश्ती बरसात से पहले घाट पर होगी."

मी बाकावरून उठलोच. आणि तेवढ्यात आबासाहेबांचा आवाज घुमला, "तो फिर सरकार और कितने लोगों के डूबने का इंतजार कर रही है?"

सगळं सभागृह त्यांच्याकडं बघायला लागलं. मी मागून हात हलवत होतो, पण ते कागदात.

वजीर म्हणाले, "किसी के डूबने का नहीं. दे दी."

"देने में आखिर दिक्कत क्या है?" आबासाहेबांनी दुसरा पुरवणी सवाल टाकला!

वजीरसाहेबांनी दोन्ही हात जोडले. "वकीलसाहब, कश्ती दे दी है. अब क्या दरिया भी साथ में भिजवा दूँ?"

अध्यक्षांपासून चोपदारापर्यंत सगळे हसले. आबासाहेबांनी कागदावरून मान वर केली. सगळीकडं बघितलं.  होकार आल्यावर पुढं काय बोलायचं, याची तालीमच झाली नव्हती! ते मटकन खाली बसले. मग परत उठले, फक्त "शुक्रिया" म्हणाले, आणि तो एक शब्दही त्यांच्या त्या दांडग्या आवाजात नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर मी त्यांचे पाय धरले. मला रडू आवरत नव्हतं. ते माझ्यावर खेकसले, "ऊठ! वकील आहेस ना? लोक बघतात!" आणि स्वतः उपरण्यानं डोळे पुसत उभे राहिले. मग आम्ही तारघर शोधलं आणि आबासाहेबांनी बीडला मीरसाहेबांच्या नावानं तार केली: "आपण मंजूर केलीत. आभारी आहे."

तार पोचली तेव्हा, किसनराव सांगायचे, मीरसाहेबांनी ती दोनदा वाचली, शेरवानीची बटणं लावली आणि वजिराच्या खुर्चीत जाऊन बसले. तो सगळा दिवस ते अदालतीत गेले नाहीत. खोलीत येईल त्याला आपल्या हातानं पान लावून देत होते.

*

नाव आली. सागवानी, नवी कोरी, तेलाचा वास येणारी. नावाडी म्हणून धोंडीबालाच नेमलं. आणि पाऊस सुरू होऊन पंचमी उजाडली.

दोन्ही काठांवर जत्रा लोटली होती. मी आईला घेऊन पहाटेच घाटावर गेलो होतो. आबासाहेब बीडहून आले होते. तहसीलदार नवा फेटा बांधून आले होते, कारण पहिल्या खेपेला आपण बसून जावं असा त्यांचा बेत होता. ते नावेत पाय टाकणार तेवढ्यात धोंडीबानं वल्हं आडवं धरलं.

"सायेब, आज पयली खेप लेकींची. तुमी उद्या या."

तहसीलदारांनी आबासाहेबांकडं बघितलं. आबासाहेबांनी आकाशाकडं बघितलं. मोकळी नाव पल्याड गेली.

ती परत निघाली तेव्हा नुसते लुगड्यांचे रंग दिसत होते. जवळ आली तसे चेहरे दिसायला लागले. आई कधी पाण्यात उतरली ते मला कळलंच नाही. गुडघ्याएवढ्या पाण्यात उभी राहून तिनं यमूला उतरवून घेतलं आणि तिच्या तोंडावरून नुसता हात फिरवत राहिली.  यमूची लेकरं नावेतूनच आजीचा पदर ओढत होती.

काठावर आम्ही भाऊ मंडळी ओळीनं उभे होतो. आपापल्या बहिणीची गाठोडी घ्यायला. आदल्या दिवशी बहिणी भावाचा उपास धरतात. माझ्यासाठी यमूनं तो दरवर्षी पल्याड बसून धरला होता. या वर्षी समोरासमोर विचारावं म्हणून मी ऐटीत म्हणालो, "काय गं, काल उपास धरलास ना माझा?"

यमू हसली. "उपास धरला की. पर औंदा तुजा न्हाई धरला, दादा."

"मग कुणाचा?"

तिनं नुसती आबासाहेबांकडं मान वळवून दाखवलं. तिच्यामागून उतरणारी बाई आपल्या भावाला म्हणाली, "म्या बी." तिच्यामागची म्हणाली, "आन् म्या बी." नावेतल्या सगळ्याजणी सांगत आल्या. काठावरचे आम्ही सगळे सख्खे भाऊ गाठोडी हातात घेऊन तसेच उभे राहिलो.

आबासाहेबांच्या कानावर यातलं काही गेलं नव्हतं. ते जरा बाजूला, धोतर वर खोचून, नाव बांधायचा दोर मजबूत आहे का याबद्दल धोंडीबाची उलटतपासणी घेत होते.

त्यांना सांगायला म्हणून मी पळत निघालो, तर यमूनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे रं. भावाला कुटं सांगतेत का, येड्या!"